नवख्याचं साहित्य नियमात बसत नाही तेव्हा: हौशी नेमबाजी सामन्याच्या नव्या पंचांसाठी

क्लबच्या सामन्यात साहित्य तपासणीच्या टेबलावर तुम्ही पहिल्यांदाच बसणार असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी बसले तेव्हा माझ्याकडे नियमपुस्तक होतं, पाचशे ग्रॅमचं वजन होतं, काटा होता. समोरच्याशी कसं बोलायचं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी एक मुलगी आयुष्यातला पहिला सामना खेळायला आली होती. एअर पिस्तूल. पायात घोटा झाकणारे बूट. पिस्तुलाच्या नेमबाजाचा बूट घोट्याच्या हाडाखाली राहायला हवा, हा नियम मला पाठ होता. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “हे चालणार नाही. नियम वाचून येत जा.” तिने गुपचूप सामान आवरलं आणि ती निघून गेली. पुन्हा रेंजवर दिसली नाही. तिच्या मापाचे साधे बूट त्या रांगेतच तिघी-चौघींच्या पायात होते. दहा मिनिटांसाठी मागून पाहावेत, एवढंही मला सुचलं नाही.

तेव्हापासून मी तीन गोष्टी धरून चालते. सुरक्षेच्या बाबतीत कुणालाच सूट नाही. नियमाबाहेरच्या साहित्यावर मिळवलेले गुण निकालात धरायचे नाहीत. आणि हे दोन्ही सांभाळून त्या माणसाला आज खेळता यावं, म्हणून जमेल ते सगळं करायचं.

उदाहरणं मी मुख्यतः १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तुलाची देते, कारण बहुतेक नवखे तिथूनच सुरुवात करतात. आकडे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या नियमांतले आहेत. तुमचा सामना दुसऱ्या नियमांवर चालत असेल तर आकडे त्या पुस्तकातून घ्या, पद्धत हीच ठेवा.

हाताशी काय हवं

- चालू आवृत्तीचं नियमपुस्तक, छापील. नियम बदलत राहतात. दोन आवृत्त्या जुनं पुस्तक उघडून वाद घालणारा पंच मी पाहिला आहे.
- सामन्याचं पत्रक आणि प्रवेशयादी.
- वजनकाटा. एअर रायफल ५.५ किलोपर्यंत चालते, एअर पिस्तूल १५०० ग्रॅमपर्यंत.
- ट्रिगरसाठी ५०० ग्रॅमचं वजन. २५ मीटर पिस्तूलही असेल तर १००० ग्रॅमचं.
- पिस्तूल बसवून पाहायचा खोका, आतून ४२० × २०० × ५० मिलिमीटर. लाकडाचा घरी करता येतो, पण आतली मापं दोनदा तपासा.
- स्टीलची पट्टी, कॅलिपर, आणि मिळालं तर कापडाची जाडी मोजायचं यंत्र.
- तपासणी कार्ड दोन प्रतींत, तपासलेल्या वस्तूंवर लावायचे स्टिकर, घटना नोंदवही.
- पिवळं, हिरवं आणि लाल कार्ड.
- उसनवारीची पेटी. हिच्याबद्दल पुढे सांगते.

नेमबाजाकडून ओळखपत्र, भरलेला प्रवेशअर्ज, तिथल्या कायद्याप्रमाणे लागणारे शस्त्राचे कागद आणि वय कमी असेल तर पालकांची संमती घ्या. हे काम वेगळ्या टेबलावर, वेगळ्या माणसाकडे द्या. कागद आणि हत्यार एकाच टेबलावर आले की रांग लांबते आणि तपासणीत घाई होते.

१. निम्मं काम पत्रकातच उरका

नवखा मुद्दाम नियम मोडत नाही. त्याला नियम माहीत नसतो, किंवा माहीत असूनही तो आपल्याला लागू होतो असं वाटत नाही. म्हणून पत्रकात “आयएसएसएफचे नियम लागू राहतील” एवढ्यावर थांबू नका. शेकडो पानांचं पुस्तक कुणीही पहिल्या सामन्याआधी वाचत नाही. नेहमी होणाऱ्या चुका साध्या भाषेत लिहा: रायफलवर दुर्बीण नको, पिस्तुलावर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साइट) नको. उभ्याने एअर रायफल खेळताना स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) नको. पिस्तुलाच्या हातात घड्याळ, कडं किंवा मनगटपट्टा नको. घोटा झाकणारे बूट पिस्तुलाला चालणार नाहीत. न नेमणाऱ्या डोळ्यावरचं ब्लाइंडर ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. हवेच्या सिलिंडरवरची मुदत संपलेली नको.

या शेवटच्या मुद्द्याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. कुणाची तरी वापरलेली रायफल घेतलेली असते, ती उत्तम चालत असते, आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख कुणी वाचलेलीच नसते. मुदत उत्पादक ठरवतो आणि ती जास्तीत जास्त १० वर्षं धरली जाते. आत दाबलेली हवा असते, त्यामुळे हा मुद्दा मी सुरक्षेतच मोजते.

पत्रकात आणखी एक गोष्ट आधीच ठरवून लिहा: साहित्य नियमात बसलं नाही आणि जागेवर दुरुस्तही होत नसेल, तर पुढे काय. मी “स्पर्धेबाहेर” असा वेगळा रकाना ठेवते. नेमबाज पूर्ण सामना खेळतो, गुण मोजले जातात, त्याला कळवलेही जातात. क्रमवारीत आणि बक्षिसात धरले जात नाहीत. डोंगरापल्याडून आणलेली ही कल्पना नाही. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रात्यक्षिक नेमबाजीत एखाद्याचं साहित्य त्याने सांगितलेल्या डिव्हिजनच्या, म्हणजे साहित्यानुसार पाडलेल्या गटाच्या, अटीत बसलं नाही, तर त्याला ओपन डिव्हिजनमध्ये टाकतात, आणि ओपन नसेल तर तो गुणांविना सामना पूर्ण करतो. माणूस खेळतो, निकालही स्वच्छ राहतो.

आधी लिहिलेलं नसेल आणि ऐन वेळी ठरवलंत, तर प्रत्येक निर्णय ओळखीपाळखीचा वाटतो.

२. टेबल कसं चालवायचं

पहिलं डिटेल, म्हणजे एका वेळी खेळणारी पहिली तुकडी, सुरू होण्याच्या बऱ्याच आधी टेबल उघडा. नवख्यांना आधी बोलवा, म्हणजे दुरुस्तीला वेळ उरेल. हत्यार टेबलावर येताना पेटीत किंवा सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याचं दाखवणारी दोरी) घातलेलं, तोंड सुरक्षित दिशेला. एअर गनचा फ्लॅग नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार जाणारा आणि दुरून दिसेल असा भडक रंगाचा हवा. चेंबरमध्ये खुपसलेला आखूड तुकडा नळी रिकामी असल्याची खात्री देत नाही.

आता ट्रिगर, कारण पिस्तुलात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम उचलू शकला पाहिजे. पिस्तूल रिकामं आणि कॉक केलेलं (ट्रिगर सुटायला सज्ज), नळी सरळ वर. वजनाचा हूक ट्रिगरच्या मध्यावर टेकवा आणि वजन टेबलावरून हळूहळू, सरळ रेषेत उचला. वजन झुललं, टेबलाच्या कडेला घासलं, किंवा तुम्ही झटका दिलात, तर चांगला ट्रिगरही सुटतो. म्हणून तीन प्रयत्नांची मुभा आहे. मी दोन्ही कोपर टेबलावर टेकवते, श्वास सोडते आणि मग उचलते. वजन टेबलापासून अधांतरी झालं, सुटलं नाही, की झालं. समोर नवखा असेल तर त्याचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा असतो. नेमाआधी धरावा तसा त्याने श्वास धरलेला असतो.

ट्रिगर सुटलाच तर स्क्रू स्वतः फिरवू नका. हा सापळा फार गोड आहे, कारण तुम्हाला ते काम येतं आणि समोरचा काकुळतीला आलेला असतो. पण कोणता स्क्रू पहिल्या टप्प्याचा, कोणता दुसऱ्याचा, कोणता पकडीचा, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. चुकीचा फिरला तर ट्रिगर धक्क्यानेही सुटू लागतो, आणि मग ती जबाबदारी तुमची. ॲलन की द्या, प्रशिक्षकाला किंवा जाणत्या खेळाडूला बोलवा, आणि काम ठरवून दिलेल्या जागीच करायला सांगा. जाताना हेही सांगा, की नेमका ५०० वर लावू नका, दहा-वीस ग्रॅम वर ठेवा. काठावरचा ट्रिगर सकाळी पास होतो आणि दुपारी नापास.

रायफलच्या जॅकेट-पँटचं दुखणं वेगळं. कापडाची जाडी २.५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, आणि या आकड्यात जराही सवलत नाही. जाडी मोजायची तीही ३० मिलिमीटर व्यासाच्या सपाट चकत्यांमध्ये ५ किलोच्या दाबाखाली. ताठरपणा मोजायचं यंत्र आणखी वेगळं. तुमच्याकडे ही यंत्रं नसतील, तर जॅकेट चिमटीत धरून “जाड वाटतंय” असं म्हणू नका. बोटांना २.५ आणि २.७ यांतला फरक कळत नाही. जे मोजता येत नाही त्यावर शिक्षा करता येत नाही. पत्रकात “जॅकेटची जाडी तपासली जाणार नाही” असं सरळ लिहा आणि मग ते सगळ्यांना सारखं लागू करा. उघड दिसणारं, म्हणजे आत भरलेलं पॅडिंग किंवा नको तिथे लावलेले पट्टे, तेवढं पाहा.

तपासलेल्या प्रत्येक वस्तूवर स्टिकर लावा, कार्डावर नोंद करा, एक प्रत नेमबाजाला द्या.

३. चूक कोणत्या जातीची, ते आधी ठरवा

नव्या पंचाची गल्लत नेमकी इथेच होते. घड्याळ राहिलं म्हणून तो चिडतो, आणि फ्लॅग नसलेली रायफल खांद्यावर टाकून फिरणाऱ्याकडे बघून हसतो. उलटं हवं.

पहिली जात सुरक्षेची. फ्लॅग नाही, हत्यार लोकांच्या दिशेला वळलं, आज्ञेआधी छर्रा भरला, लोक पुढे लक्ष्याजवळ असताना हत्याराला हात लावला, सिलिंडरची मुदत संपली आहे. इथे “नवा आहे, जाऊ द्या” हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. तिथल्या तिथे थांबवा. आवाज मोठा झाला तरी चालेल, शब्द फक्त आज्ञेचे असावेत: “थांबा. हत्यार खाली. हात वर घ्या.” कारणं सगळं शांत झाल्यावर सांगा. सिलिंडरची मुदत संपली असेल तर ती रायफल त्या दिवशी फायरिंग लाइनवर जाणार नाही, स्पर्धेबाहेरही नाही. शक्य असेल तर क्लबची रायफल द्या.

दुसरी जात उघड चुकीची. बूट, घड्याळ, ब्लाइंडर, दुर्बीण, खोक्यात न मावणारं पिस्तूल, हलका ट्रिगर. यात लपवाछपवी नसते. आयएसएसएफच्या नियमांतही अशा चुकीला आधी ताकीद आहे, म्हणजे पिवळं कार्ड, आणि ती शक्यतो सराव किंवा तयारीच्या वेळेतच द्यावी असं म्हटलं आहे. सांगूनही दिलेल्या वेळेत सुधारणा केली नाही तर हिरवं कार्ड आणि दोन गुण वजा. त्यावरही ऐकलं नाही तर लाल. नवखा पंच पायऱ्या गाळून थेट गुण कापतो. तसं करू नका. ताकीद ही दुरुस्तीसाठी दिलेली संधी आहे.

तिसरी जात लपवलेल्या चुकीची. तपासलेलं जॅकेट बदलून दुसरं घातलं, स्टिकर काढून भलत्याच वस्तूला चिकटवला, पास झाल्यावर ट्रिगर मुद्दाम हलका केला. मुद्दाम लपवलेलं असेल तर नियमात थेट अपात्रता आहे. पण “मुद्दाम” हा शब्द जपून वापरा. नवख्याने दोन फेऱ्यांमध्ये जॅकेट बदललं, कारण भावाचं जॅकेट जास्त मोकळं होतं, हेही घडतं. आधी विचारा, लिहून घ्या, आणि हा निर्णय एकट्याने कधीच घेऊ नका. क्लबच्या सामन्यातही तिघांची ज्युरी आधीच नेमून ठेवा.

४. सांगायचं कसं

बाजूला घ्या. रांगेसमोर, पालकांसमोर, मोबाइल धरून उभ्या असलेल्या मित्रांसमोर नको. तीन वाक्यं पुरतात: नियम काय, आत्ता काय करता येईल, किती वेळ आहे.

एका मुलाने हौशी एअर रायफल आणली होती, वर दुर्बीण बसवलेली. त्याला मी म्हणाले, “या प्रकारात दुर्बीण चालत नाही. तुझ्या रायफलला उघडी साइट आहे का? असेल तर दुर्बीण काढ, सरावाची वेळ हाताशी आहे. नसेल तर तू याच रायफलने स्पर्धेबाहेर खेळू शकतोस किंवा क्लबची रायफल घेऊ शकतोस. तू सांग.” त्याने थोडा विचार केला आणि स्पर्धेबाहेर खेळायचं ठरवलं. निर्णय त्याचा होता, म्हणून तो खुशीत खेळला आणि पुढच्या सामन्याला पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची, नियमात बसणारी साइट) बसवून आला.

“तुला एवढंही माहीत नाही?” हे वाक्य विसरून जा. आणि नवख्याबरोबर प्रशिक्षक किंवा पालक असतील तर त्यांच्याशी बोलण्याआधी खेळाडूशी बोला. चौदा वर्षांचं पोर असलं तरी सामना त्याचा आहे.

आता ती पेटी. फायरिंग लाइनवरच्या अनेक अडचणी तिच्यातून सुटतात: गवत कापायच्या ट्रिमरच्या भडक केशरी दोरीचे फ्लॅगसाठी कापलेले तुकडे, तीन-चार मापांचे साधे सपाट बूट, इअरप्लग, संरक्षक चष्मे, ३० मिलिमीटर रुंदीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, ॲलन कीचा संच. ब्लाइंडर रुंद असेल तर कात्रीने कापून मापात आणता येतं. घड्याळ काढून खिशात टाकता येतं. अशा चुकीसाठी कार्ड काढायची वेळ येऊच नये.

५. फायरिंग लाइनवर चूक दिसली तर

तपासणीतून सुटलेलं काहीतरी खेळ सुरू झाल्यावर दिसतंच. सुरक्षेचं असेल तर क्षणाचाही विलंब नको. बाकी काही असेल तर नेमबाजाने हत्यार खाली घेईपर्यंत थांबा. नेम धरलेल्या माणसाच्या खांद्याला हात लावायचा नाही, कानाशी बोलायचं नाही. छर्रा भरलेला असेल तर तो सुरक्षित दिशेने काढायला सांगा, फ्लॅग घालायला सांगा, हत्यार बेंचवर ठेवायला सांगा. त्याच्या हातातून तुम्ही स्वतः घेऊ नका.

मग हळू आवाजात सांगा. कुठल्या शॉटनंतर सांगितलं, ती वेळ टिपून घ्या. चूक त्याची असेल तर दुरुस्तीला गेलेला वेळ परत मिळत नाही. पण तुमचीच शंका चुकीची ठरली, पुस्तक उघडल्यावर कळलं की ते साहित्य चालतं, तर माफी मागा आणि वेळ परत द्या. स्वतःची चूक नसताना नेमबाजाला ३ मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं, तर तेवढा वेळ मागण्याचा हक्क नियम देतो, आणि नवख्याला तो हक्क माहीत नसतो. तुम्हीच सांगा.

आधीच्या शॉटचं काय? उघड चूक सांगितल्यावर सुधारली, तर मागचे गुण तसेच राहू देते; नियमाबाहेरचे गुण न धरण्याच्या माझ्या तत्त्वाला हा अपवाद. यावर आमच्याकडेही वाद झाले आहेत. पण तपासणीच्या टेबलावरून ते सुटलं असेल, तर निम्मी चूक आपली असते.

६. सामन्यानंतरची तपासणी

सामना संपल्यावर काहींचा ट्रिगर आणि वस्तू पुन्हा पाहा. नावं चिठ्ठ्या टाकून काढा. फक्त जिंकणाऱ्यांना किंवा फक्त नव्यांना बोलावलं तर त्याचा अर्थ लगेच लावला जातो. मोठ्या स्पर्धांत इथे नापास होणारा अपात्र ठरतो. क्लबच्या सामन्यात पहिल्यांदा खेळणाऱ्याचा ट्रिगर ४९० वर सुटला, तर मी त्याचे गुण स्पर्धेबाहेरच्या रकान्यात हलवते. दहा ग्रॅमसाठी डोळेझाक करत नाही, कारण चौथ्या नंबरावर ५२० चा ट्रिगर ओढून खेळलेला दुसरा कुणीतरी नवखाच असतो.

हे सांगताना वजन त्याच्या हातात द्या आणि तपासणी त्याच्यासमोर करा. तिन्ही प्रयत्न त्याला मोजू द्या.

७. तक्रार दुसऱ्या खेळाडूकडून आली तर

“त्याचं जॅकेट बघा जरा.” असं कुजबुजून कुणीतरी निघून जातं. तक्रार कोण करतो आहे आणि नेमकी कशाबद्दल, हे लिहून घ्या. सही द्यायला तयार नसेल तरीही वस्तू पाहायला हरकत नाही, पण त्याच डिटेलमधल्या आणखी दोघा-तिघांची तीच वस्तू पाहा, म्हणजे एकालाच घेरल्यासारखं होत नाही. तक्रार करणाऱ्याला फायरिंग लाइनवर जाऊन नवख्याशी बोलू देऊ नका. मदत करायची खरी इच्छा असली तरी ते काम पंचाचं आहे.

तुमच्या निर्णयाविरुद्ध दाद कुठे मागायची, हे ज्याच्याविरुद्ध निर्णय गेला त्याला स्वतःहून सांगा. ज्युरीतली नावं टेबलाशेजारी लावून ठेवा.

८. नोंद

घटना नोंदवहीत पाच गोष्टी येऊ द्या: वेळ, लेन, वस्तू, मोजलेला आकडा, दिलेला निर्णय. “ट्रिगर हलका” असं लिहू नका. “५०० ग्रॅमला ट्रिगर तिन्ही वेळा सुटला, तिसऱ्यांदा वजन अर्धवट उचललं गेल्यावर” असं लिहा. स्वभावाबद्दल काही लिहू नका. “उद्धट”, “घाबरट” असल्या शब्दांना तपासणीच्या वहीत जागा नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर नवख्यांची कार्डं वेगळी काढा आणि प्रत्येकाला दोन ओळी पाठवा: काय मोजलं, किती भरलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. कार्डाचा फोटो सोबत जोडा. आणि पेटीत किती फ्लॅग उरले ते मोजा. नवखे ते गळ्यात अडकवून घरी नेतात, तेव्हा पुढच्या सामन्यासाठी आणखी वीस-पंचवीस तुकडे त्याच रात्री कापून ठेवा.